खिंडीच्या वाटेवर वीज हवी

विजेवर चालणारी मोटार ही आपल्याकडे आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. हिरव्या क्रमांकपट्टीची गाडी दिसली म्हणून मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर कोणी मान वळवून पाहत नाही. राज्य शासनाने २०२५ साली जाहीर केलेल्या धोरणात अशा मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे पथकरातून सूट देऊ केली. २०२४ च्या अखेरीस देशात सुमारे पंचवीस हजार सार्वजनिक चार्जिंग केंद्रे होती आणि त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होती. हे आकडे समाधानकारक आहेत हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कोणत्याही सोयीची खरी कसोटी ती जेथे सहज उपलब्ध आहे तेथे लागत नसते. जेथे तिच्यावाचून माणसाचे प्राण कंठाशी येतात, तेथे लागते. देशाच्या ज्या भागात वस्ती विरळ, रस्ता उंच आणि रात्रीची थंडी गोठवणारी आहे, तेथे विजेची मोटार घेऊन निघालेल्या माणसाला पुढचे चार्जिंग केंद्र सापडेल काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

हा प्रश्न दूरचा आहे असे कोणी समजू नये. दरवर्षी उन्हाळा आला की महाराष्ट्रातील हजारो कुटुंबे लडाखची आणि स्पितीची वाट धरतात. २०२० च्या ऑक्टोबरात रोहतांगखालचा नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला. झोजी खिंडीखालच्या बोगद्याचे काम चालू आहे, आणि शिंकू खिंडीखालच्या बोगद्याच्या कामाला २०२४ च्या जुलैत आरंभ झाला. हे दोन्ही बोगदे पुरे झाले म्हणजे आज हिवाळ्यात महिनोन् महिने बंद राहणाऱ्या वाटा बारमाही होतील. आजवर निसर्गच थंडीत रस्ता बंद करून प्रवाशाला घरी बसवीत होता. उद्या तो भर पौषात वाटेवर असेल. तेव्हा त्याच्या गाडीला वीज कोठे मिळणार, याची तजवीज बोगद्याबरोबरच झाली पाहिजे.

थंडीचा आणि बॅटरीचा संबंध काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. लिथियमच्या बॅटरीत विजेचे वहन सूक्ष्म कणांच्या येण्याजाण्याने होते. पारा उतरला की बॅटरीतील द्रव दाट होतो आणि ही ये-जा मंदावते. पारा शून्याखाली असताना जोराने वीज भरली, तर धातुरूप लिथियम आतील पट्टीवर साचते आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते. म्हणून गाडीतील यंत्रणा आपण होऊनच चार्जिंगचा वेग आखडता घेते. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता बसणाऱ्यांना ऊब देते. विजेच्या गाडीत ती ऊबही बॅटरीतूनच काढावी लागते. नॉर्वेतील मोटारसंघाने २०२० च्या हिवाळ्यात वीस गाड्यांची चाचणी घेतली, तेव्हा कागदोपत्री सांगितलेल्या पल्ल्यापेक्षा त्या सरासरीने साडेअठरा टक्के कमी धावल्या. म्हणजे थंडीत गाडी कमी अंतर जाते, तिला अधिक वेळा थांबावे लागते, आणि प्रत्येक थांब्यावर अधिक वेळ खोळंबावे लागते. २०२४ च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत शिकागो परिसरातील चार्जिंग केंद्रांवर मोटारींच्या रांगा लागल्या आणि काही गाड्या ओढून न्याव्या लागल्या. जेथे केंद्रांचा तुटवडा नाही अशा महानगरात हे घडते, तर जेथे शंभर मैलांत केंद्रच नाही तेथे काय घडेल?

आता हेच गणित मनाली-लेह मार्गाला लावून पाहू. हा मार्ग सुमारे सव्वाचारशे किलोमीटरांचा आहे. एखाद्या गाडीचा कागदावरचा पल्ला चारशे किलोमीटर धरा. थंडीने त्यातला पाचवा हिस्सा घेतला. उरले तीनशे वीस. बॅटरी पार रिती होईपर्यंत कोणी शहाणा माणूस गाडी चालवीत नाही. आणखी पाचवा हिस्सा गाठीला ठेवला की हाती अडीचशेच्या आसपास उरतात. केलाँगहून बॅटरी पूर्ण भरून निघालेल्या या गाडीला उपशीपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर काटायचे आहेत. वाटेत बारालाचा, लाचुलुंग आणि तंगलंग या खिंडी. तंगलंग तर ५,३०० मीटरांहून उंच. चढाला वीज अधिक लागते. उतरणीवर त्यातील काही परत मिळते, परंतु बॅटरी थंड असली म्हणजे तीही पुरती स्वीकारली जात नाही. या टप्प्यात नाव घेण्यासारखी ठिकाणे म्हणजे सरचू आणि पांग. तेथील प्रवाशांचे मुक्काम उन्हाळ्यापुरते तंबूंचे. तेव्हा या मार्गावर सरचू आणि पांग येथे विजेची सोय झाल्यावाचून सामान्य माणसाने अशी मोटार घेऊन लेहचे नाव काढू नये, हे कोणीही कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहावे.

यावर शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय वीज मंत्रालयाच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दर वीस किलोमीटरांना चार्जिंग केंद्र असावे असे म्हटले आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या पी.एम. ई-ड्राइव्ह योजनेच्या १०,९०० कोटी रुपयांपैकी २,००० कोटी सार्वजनिक चार्जिंगसाठी राखून ठेवले गेले. हिमाचल शासनाने २०२३ च्या अर्थसंकल्पात सहा हरित मार्गांची घोषणा केली. त्यांत मनालीवरून केलाँगला जाणारा मार्ग आहे. स्पितीतील काझा येथे २०२१ च्या सप्टेंबरात चार्जिंग केंद्र उघडले, तेव्हा जगातील सर्वांत उंचावरचे म्हणून त्याचा गौरव झाला. मनाली-रोहतांग मार्गावर तर २०१७ सालीच विजेची बस धावली. उंचीवर हवा विरळ झाली की पेट्रोल-डिझेलचे इंजिन धापा टाकू लागते. विजेच्या मोटारीचा जोर हवेवर अवलंबून नसतो. म्हणजे ही गाडी पहाडाला अयोग्य आहे असे नाही. उणीव आहे ती वाटेवरच्या सोयीची.

ही उणीव का राहते? कारण चार्जिंग केंद्र हा अजून व्यापार मानला जातो. वेगवान चार्जिंगचे यंत्र बसवायचे म्हणजे स्वतंत्र रोहित्र हवे, वाहिनी हवी, आणि वीज वापरली न वापरली तरी जोडभारावर स्थिर आकार भरावा लागतो. शहरातील केंद्रावर दिवसाकाठी पुष्कळ गाड्या येतात व हा खर्च निघून जातो. पहाडातील केंद्रावर दिवसाला दोन गाड्या आल्या तरी भाग्य. गाड्या येत नाहीत म्हणून केंद्र निघत नाही आणि केंद्र नाही म्हणून गाड्या येत नाहीत. हे कोडे बाजार आपल्या बळावर सोडवू शकत नाही, आणि त्याने ते सोडवावे अशी अपेक्षा करणेही गैर आहे. तोट्याचा धंदा करा असे आपण कोणत्या व्यापाऱ्याला सांगणार?

नॉर्वेने हे कोडे कसे सोडवले ते पाहण्यासारखे आहे. त्या देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के विजेच्या होत्या. करसवलतींचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु एनोव्हा या सरकारी संस्थेने २०१५ पासून मुख्य रस्त्यांवर सुमारे दर पन्नास किलोमीटरांना केंद्र उभारण्यासाठी जे अर्थसाहाय्य दिले, त्याचेही श्रेय लहान नाही. एका ठिकाणी किमान दोन वेगवान यंत्रे असावीत, अशी अट त्या साहाय्याला होती. एक बिघडले तर प्रवासी अडू नये हा तीतील हेतू उघड आहे. मुख्य रस्त्यांवर धंदा पायावर उभा राहिल्यावर सरकारी पैसा ज्या तालुक्यांत अशी दोन यंत्रेही नव्हती तिकडे वळवण्यात आला. अगदी उत्तरेकडील फिनमार्क मागे राहिला होता, त्याला पुढे वेगळे साहाय्य द्यावे लागले. हा प्रांत डेन्मार्कहून मोठा, वस्ती जेमतेम पाऊण लाख, आणि तेथील कारास्योक गावी उणे ५१.४ अंशांपर्यंत पारा उतरल्याची नोंद आहे. लडाखची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत पावणेतीन लाखांच्या घरात होती. नॉर्वे श्रीमंत आहे, त्याची वीज जवळजवळ सर्व पाण्यापासून होते, हे खरेच. आपल्याला त्याची श्रीमंती उसनी आणता येणार नाही. परंतु आधी सोय आणि मागून वर्दळ हा क्रम घेण्यास पैसा आड येत नाही.

धरसोड मात्र आड येते. अमेरिकेने २०२१ च्या कायद्याने दर पन्नास मैलांना केंद्र उभारण्यासाठी पाच अब्ज डॉलर मंजूर केले. २०२५ च्या फेब्रुवारीत नव्या राजवटीने ते काम थांबवले, आणि ऑगस्टमध्ये नवे नियम काढून पुन्हा वाट मोकळी केली. राजधानीत मत पालटले की आडगावचा खांब उघडा पडतो, हा त्यातील धडा आहे.

‘मूठभर प्रवाशांसाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा?’ असा आक्षेप निघेल. तो घेणारांना आम्ही १९४८ सालची आठवण देऊ. त्या वर्षी १ जूनला पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली एस.टी. धावली, आणि पुढे ‘रस्ता तेथे एस.टी.’ हे ब्रीद होऊन बसले. प्रत्येक फेरी फायद्याची असली तरच गाडी सोडू, असे ठरले असते तर महाराष्ट्रातील किती वाड्यावस्त्यांनी बसचे तोंड पाहिले असते? टपाल कचेरीच्या बाबतीतही हाच न्याय लावला गेला. शिवाय लडाखच्या केंद्राचा लाभ केवळ पर्यटकाला नाही. तेथील भाड्याची मोटार चालवणारा, रुग्ण घेऊन लेहकडे धावणारा, शाळेत जाणारा शिक्षक, हे सारे आज डोंगर ओलांडून येणाऱ्या टँकरच्या तेलावर जगतात. २०१९ च्या फेब्रुवारीत श्रीनगर-लेह वीजवाहिनी राष्ट्राला अर्पण झाली आणि लेह देशाच्या वीजजाळ्याला जोडले गेले. दारापर्यंत आलेली ही वीज वाहनांनाही मिळाली, तर तेलाचा तो वाहतूकखर्च काही अंशी तरी वाचेल.

याहून विचार करण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. पांगच्या पठारावर १३ गिगावॅटचा सौर व पवन प्रकल्प उभारून तेथील वीज हरियाणातील कैथलपर्यंत नेण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या ऑक्टोबरात मान्यता दिली. २०,७७३ कोटी रुपयांची ही वीजवाहिनी २०२९-३० पर्यंत पुरी व्हावयाची आहे. ज्या पांगहून मैदानातील शहरांना वीज जाणार, त्याच पांगच्या रस्त्यावर थंडीने गारठलेल्या वाटसरूची गाडी विजेवाचून उभी राहिली, तर त्याला काय म्हणावे? धरणाच्या पायथ्याशी राहून पाण्याला महाग झालेली गावे आम्ही महाराष्ट्रात पाहिली आहेत. तोच प्रकार विजेच्या बाबतीत हिमालयात घडू नये.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. केलाँग ते लेह, श्रीनगर ते लेह आणि रामपूर ते काझा या वाटांवरील चार्जिंग केंद्रे ही रस्त्याचाच भाग मानावीत. सरचूसारखे ठिकाण हिमाचल आणि लडाख यांच्या सीमेवर येते. तेथे जबाबदारी एकाने दुसऱ्यावर ढकलण्यास भरपूर जागा आहे, म्हणून ती एकाच यंत्रणेकडे नि:संदिग्धपणे सोपवावी. प्रत्येक केंद्रावर किमान दोन यंत्रे असावीत. जेथे वाहिनी पोहोचली नाही तेथे सौर पट्ट्या व साठ्याच्या बॅटऱ्या असाव्यात. आणि शेजारी माणसाला ऊब घेता येईल अशी बंदिस्त खोली असावी, कारण तेथे तासभर थांबणे म्हणजे शहरातील चहाची वेळ नव्हे. यंत्रे विरळ हवेत टिकतील अशा बनावटीची असावीत. अनुदान उद्घाटनाच्या दिवशी संपू नये. यंत्र वर्षातून किती दिवस चालू राहिले ते मोजून त्याचा हप्ता द्यावा. अशा केंद्रांना पहिली काही वर्षे स्थिर आकार माफ करावा.

एक गोष्ट बाहेरून क्षुल्लक वाटते, परंतु वाटेवर तीच निर्णायक ठरते. केंद्र कोठे आहे हे सांगणारे ‘ईव्ही यात्रा’ हे ॲप शासनाने २०२२ साली काढले. परंतु ज्या दऱ्यांत मोबाइलला संदेश मिळत नाही आणि परप्रांतातील प्रीपेड कार्ड जेथे मुळी चालतच नाही, तेथे ॲप उघडणार कसे आणि पैसे भरणार कसे? युरोपीय संघाने २०२४ च्या एप्रिलपासून नव्या वेगवान केंद्रांवर साध्या बँक-कार्डाने पैसे घेणे बंधनकारक केले. आपण कार्डाबरोबर रोख रकमेचीही सोय ठेवावी. आणि प्रत्येक केंद्रावर पाटी लावावी: पुढचे केंद्र किती किलोमीटरांवर, आणि आज ते चालू आहे की बंद. मैलाच्या दगडाला जे साधते, ते एवढ्या प्रगत यंत्रणेला साधू नये काय?

ही तजवीज होईपर्यंत प्रवाशांनीही साहस आणि अविचार यांतील अंतर ओळखावे. पुढच्या केंद्राची खात्री झाल्यावाचून खिंड चढू नये, आणि रुग्णवाहिका व बचावाची वाहने यांच्यावर केवळ हिशेबाच्या उत्साहात विजेची सक्ती करू नये. परंतु नागरिकाची सावधगिरी हा शासनाच्या कर्तव्याला पर्याय होत नाही. बोगद्यांची कामे चालू आहेत, वाहिनीला मान्यता मिळाली आहे, पैशाची तरतूदही झाली आहे. आता या तिन्हींची सांगड घालून सरचू आणि पांग येथे पहिले खांब रोवण्याचे काम तेवढे उरले आहे. ते पहिला हिवाळी प्रवासी अडकून पडल्यावर नव्हे, तर त्याआधीच्या उन्हाळ्यात व्हावे.