खऱ्या गरजूचे दार



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक कष्टाळू शेतकरी गृहस्थ ओसरीवर येऊन बसले व थोडे संकोचूनच म्हणाले, "फादर, गोरगरिबाला द्यायला आमची ना नाही. पण घेणारा खरा गरजू की लबाड, हे ओळखावे कसे?" प्रश्नाला कारणही तसेच घडले होते. मुलाच्या शस्त्रक्रियेचे कागद दाखवीत एक अनोळखी मनुष्य गावात फिरून गेला. लोकांनी पदरचे काढून दिले. पुढे कळले की, तेच कागद घेऊन तो शेजारच्या गावांतही दर ठिकाणी मुलाचे निराळे नाव सांगत हिंडला होता.

आम्ही त्या गृहस्थांना दोष दिला नाही. गुडघाभर चिखलात उभे राहून पिकवलेल्या भाताचा पैसा डोळे मिटून उधळावा, असे प्रभूने कोठेही सांगितलेले नाही. परंतु त्या रात्री प्रार्थनेला बसलो असता आमच्या ध्यानी आले की, हा प्रश्न आपण नेहमी स्वतःच्या उंबरठ्याच्या आत उभे राहून विचारतो. आणि तेथे उभे राहून त्याचे उत्तर सापडत नाही. दारात जो येतो, त्याला आपण पारखत बसतो. पण जो दारात कधी येतच नाही, त्याचे काय?

यासंबंधी आमच्याच हातून घडलेली एक चूक येथे सांगणे आम्हाला भाग आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथे संत अंतोनींच्या दानपेटीत जमलेल्या पैशांतून दर मंगळवारी गरजूंना तांदूळ वाटण्याची व्यवस्था आम्ही केली होती. नावांची वही होती, सह्या होत्या, हिशेब चोख होता. आपल्या गावात कोणी उपाशी राहात नाही, असे समाधान आम्ही मानून होतो. त्याच सुमारास एक मुलगा धर्मशिक्षणाच्या वर्गाला येईनासा झाला. आम्ही हजेरीपटावर त्याच्या नावापुढे फुली मारली, आणि दोन महिने फुल्याच मारीत राहिलो.

भाद्रपदाचे दिवस होते. जुने धान्य सरलेले, नवे अजून शेतात उभे. त्या मुलाची आजी अंथरुणाला खिळली असल्याचे कळले, म्हणून तिला पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही त्या घरी गेलो. घरात तिची विधवा सून व तो मुलगा. विधी झाल्यावर "चहा घेतल्याशिवाय जायचे नाही, फादर," असा त्या बाईंचा आग्रह. आम्ही बसलो. इतक्यात मागल्या दाराशी त्यांनी मुलाला हलक्या आवाजात सांगितलेले शब्द आमच्या कानी पडले : "काकूंकडून वाटीभर साखर आण. फादर आलेत म्हणून सांग, म्हणजे देतील."

'फादर आलेत म्हणून सांग.' म्हणजे एरवी त्या घराला वाटीभर साखरही मिळत नव्हती. इतकी उसनवारी चढलेली होती. मग आमची दृष्टी घरभर फिरली. चुलीपुढे दोनच भांडी. पाण्याचा तांब्याचा हंडा जेथे असायचा, तेथे प्लास्टिकची बादली. मुलाच्या अंगात शाळेचा सदरा, कारण दुसरा नव्हताच. तो रविवारी धुवून वाळत घालावा लागे, म्हणून वर्ग चुके. पतीच्या आजारपणात काढलेल्या कर्जाचे हप्ते दर आठवड्याला जात होते. आम्ही विचारले, "मंगळवारी आपण तांदळाला का आला नाहीत?" त्या शांतपणे म्हणाल्या, "फादर, लोकांच्या देखत रांगेत उभं राहायला पाय उचलत नाहीत."

तो चहा आमच्या घशाखाली कसा उतरला, ते आमचे आम्हालाच ठाऊक. आमची वही खोटी नव्हती. परंतु तिच्यात फक्त मागू शकणाऱ्यांची नावे होती. ज्यांना मागणे मरणाहून कठीण वाटते, त्यांच्यासाठी तिच्यात पानच नव्हते.

हा धडा आमच्या आधी एका तरुणाने फार चांगला शिकून घेतला होता. १८३२ साली पॅरिस शहरात पटकीने थैमान घातले व हजारो माणसे मेली. पुढल्याच वर्षी, १८३३ च्या एप्रिलमध्ये, फ्रेडरिक ओझानाम या अवघ्या वीस वर्षांच्या कॅथलिक विद्यार्थ्याने काही मित्रांसह गरिबांच्या सेवेसाठी एक लहानसे मंडळ स्थापन केले. तेच आजचे संत विन्सेंट द पॉल यांच्या नावाचे मंडळ होय. या मुलांपाशी पैसा बेताचाच होता आणि गरिबांची ओळखही नव्हती. सिस्टर रोझाली रांद्यू या दया-भगिनीने त्यांना गरीब वस्तीचा रस्ता दाखवला व तेथे कसे वागावे तेही शिकवले. गरिबाला आपल्याकडे बोलवायचे नाही, आपण त्याच्या घरी जायचे. त्याच्याशी बोलायचे, त्याची हकिकत ऐकायची आणि पुन्हा जायचे, अशी त्यांची रीत पडली. ओझानाम १८५३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारले. १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिस येथेच त्यांना 'धन्य' घोषित केले. त्यांच्या मंडळाचे सभासद आजही आपल्या देशातील अनेक धर्मग्रामांत गरिबांच्या घरी जातात.

पॅरिस दूर वाटत असेल, तर आपल्या गोव्याकडे पाहू या. बाणावली येथे १६५१ साली जन्मलेले संत जुझे वाझ १६८७ मध्ये सिलोनला पोहोचले. तेथील किनारपट्टीवर डचांचा अंमल होता व कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. म्हणून त्यांनी भिकाऱ्यासारखे दारोदार हिंडून, भीतीने लपून राहिलेल्या श्रद्धावंतांचा शोध घेतला. जरा विचार करा : त्या दिवसांत ज्या कोणी 'हा लबाड भिकारी दिसतो' म्हणून दार लावून घेतले असेल, त्याने एका संताला परत पाठवले! पुढे १६९७ मध्ये कँडी शहरात देवीची साथ आली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. रोग्यांना त्यांच्या घरच्यांनीही टाकले. तेव्हा फादर वाझ व त्यांचे भाचे फादर जुझे कार्व्हालो मागे राहिले. टाकलेल्या रोग्यांना त्यांनी शोधून काढले, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना अन्नपाणी दिले. रोगी आपल्या धर्माचा की परक्या, हे त्यांनी पाहिले नाही. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे. तेथील एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. उजवीकडचे लोक आणि डावीकडचे लोक, दोघेही राजाला एकच गोष्ट विचारतात : प्रभो, आम्ही आपल्याला कधी पाहिले? म्हणजे भुकेल्याच्या रूपातील प्रभूला ओळखले कोणीच नव्हते. फरक ओळखण्यात पडला नाही, जवळ जाण्यात पडला. शोमरोनी माणसाची गोष्टही हेच सांगते. तो जखमी मनुष्याजवळ गेला, म्हणून त्याला जखमा दिसल्या. दुरून गेलेल्यांना दिसला तो केवळ वाटेतला अडथळा.

तेव्हा गृहस्थहो, अनोळखी मनुष्याचे कागद अवश्य तपासा. मोबाइलवर आलेल्या मदतीच्या हाकेची शहानिशा अवश्य करा. मात्र शहानिशा म्हणजे घरी बसून संशय घेणे नव्हे. चौकशीला निघालेले पाऊल त्या घरापर्यंत गेले पाहिजे. जाताना दोघे मिळून जा, आणि गाजावाजा करू नका. आपल्या घरी जास्त झालेले देण्याऐवजी त्या घरी जे उणे आहे ते पाहून द्या. वाण्याची उधारी परस्पर फेडता येते. शाळेची वही-पुस्तके गुपचूप पोहोचवता येतात. ज्यांची मुले परगावी गेली आहेत अशा म्हाताऱ्यांना कित्येकदा पैशांपेक्षा दवाखान्यापर्यंतची सोबत हवी असते. शेताच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना विसरू नका. ती आपल्या वहीत कधीच येणार नाहीत. आणि एकदा देऊन थांबू नका. शोमरोनी माणसाने खानावळवाल्याला दोन दीनार दिले, तेव्हा परत येण्याचा शब्दही दिला होता.

इतके करूनही एखादा फसवील काय? फसवील. त्यात आपले पाच-दहा किलो तांदूळ जातील. परंतु फसवणुकीच्या भीतीने दार लावून घेतले, तर त्या बाईंसारखे एखादे घर जाईल. या दोहोंपैकी कोणते नुकसान प्रभूपुढे सांगणे आपल्याला सोपे जाईल, ते ज्याचे त्याने ठरवावे.

त्या बाईंविषयी आणखी एक गोष्ट सांगून लेखणी ठेवतो. त्या पावसाळ्यात गावच्या दोन घरांनी, कोणाला कळू न देता, त्यांना सावरले. सुगी झाल्यावर एका संध्याकाळी त्या आमच्या मागल्या दारी आल्या. डोक्यावर नव्या तांदळाचे गाठोडे होते. "मिळाले होते तेवढे आहेत, फादर. आता जे कोणी असतील त्यांना द्या." आम्ही नको म्हणणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने दोन्ही हातांनी ते गाठोडे उतरवून घेतले. त्या दिवशी त्या आमच्या दारी आल्या होत्या त्या देण्यासाठी, ताठ मानेने.

येत्या रविवारपूर्वी आपल्या वाड्यातील असे एक तरी दार आठवा, ज्याच्या आत आपण पुष्कळ दिवसांत गेलो नाही. आणि जाऊन या. तेथे आपली वाट कोण पाहात असेल, हे प्रभूच जाणे.