हाताला हुनर, हुनराला सनद

गिरडला बाबा फरीद यांच्या दर्ग्यावर आपण मुलांच्या रोजीसाठी दुआ मागतो. दुआबरोबर तयारीही हवी. आपली मुलं मामाच्या गॅरेजमध्ये उत्तम काम शिकतात. पण नोकरीसाठी गेल्यावर सनद विचारली की गप्प होतात. म्हणून दहावीनंतर आयटीआयचाही विचार करू. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की देशभर चालणारं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही उघडते. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेत शिकता येतं. खासगी कोर्सची फी भरण्याआधी प्रमाणपत्र कोण देणार, ते विचारून घ्या. मुलींनाही शिलाईपुरतं थांबवू नका. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड त्यांनाही खुला आहे. हुनर घरात शिकता येतं, सनद मात्र परीक्षा देऊनच मिळते.