पहाटेची धाव आणि कोंडलेली हवा

जानेवारीत भरणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसाठी दिवाळी सरताच जे असंख्य नागरिक उजाडण्यापूर्वी मरीन ड्राइव्हवर वा शिवाजी पार्काभोवती धावू लागतात, त्यांच्या निष्ठेविषयी आदर बाळगूनही एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे, ती ही की, थंडी त्यांच्या पायांना जितकी अनुकूल, तितकीच फुफ्फुसांना प्रतिकूल असते. हिवाळ्यात वारा मंदावतो, रात्री जमिनीलगतची हवा थंडावून तिच्यावर उष्ण हवेचे झाकण बसते, आणि बांधकामांची धूळ व वाहनांचा धूर सूर्य वर येईपर्यंत खालीच कोंडून राहतो. नेमक्या त्याच प्रहरी ४२.१९५ किलोमीटरांच्या तपश्चर्येस सिद्ध झालेला साधक विश्रांत माणसाच्या कित्येक पट हवा, तीही बहुधा तोंडाने, आत ओढत असतो.

२००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीच्या दिवशी रस्त्यांचा बंदोबस्त चोख असतो, पाण्याचीही तजवीज असते. परंतु खरी धाव ज्या आधीच्या महिन्यांत घडते, त्या काळात बांधकामे झाकण्याच्या हुकुमांची अंमलबजावणी मात्र दप्तरातच विसावते. (धूळ तेथेही असतेच.) धावणाऱ्यांनीही मनगटावरील वेगाइतकीच हवेच्या निर्देशांकाची चौकशी करावी आणि आकडा वाईट असेल तर लांबची धाव खुशाल तहकूब करावी; एक रविवार हुकल्याने कमावलेला दम सरत नाही. महापालिकेने निदान धावण्याच्या प्रमुख मार्गांवर तो आकडा ठळक फलकांवर, पहाटेच लावावा.