भार, लांकूड आणि मोल

जें जड तें उत्तम, ही समजूत मनुष्याच्या मनांत फार जुनी आहे. सोनें जड, आजीचा पितळी हंडा जड; तेव्हां बाजारांत वस्तु हातांत घेऊन ती तोलून पाहण्याची संवय आपणांस लहानपणापासूनच लागते. हल्लीं वाद्यवृंदासाठीं मुलें विजेची खर्जाची गिटार, म्हणजे बेस गिटार, मागूं लागलीं आहेत आणि दुकानांत पालकहि तीच कसोटी लावतात. कोणती जड? कोणत्या लांकडाची? आमचें मत असें कीं, कमी किंमतीच्या गिटारीच्या बाबतींत हे दोन्ही प्रश्न दुय्यम होत. त्यांना पहिलें स्थान दिल्यास बापाचे पैसे आणि मुलाची हौस दोन्ही वायां जाण्याचा संभव आहे.

मिरजेस तयार होणारा तंबोरा पाहा. त्याचा भोपळा व त्याचें लांकूड हेंच त्याचें नाद वाढविणारें शरीर होय. विजेच्या गिटारीचें तसें नाहीं. तिचें धड बहुधा भरीव लांकडाचें असतें. तारांखालीं लोहचुंबक असून त्याभोंवतीं तांब्याच्या अति बारीक तारेचे हजारों वेढे असतात. वरील पोलादी तार कंप पावली म्हणजे त्या वेढ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व ध्वनिवर्धक त्याचा मोठा स्वर करतो. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं शोधलेलें तत्त्व तें हेंच. लांकडाचा कांहींच परिणाम होत नाहीं असें नव्हे. मान एखाद्या ठिकाणीं तारेबरोबर कांपूं लागली तर त्या पडद्यावरील स्वर लवकर विझतो. परंतु तो मानेच्या घडणीचा दोष. धडाच्या लांकडाच्या नांवानें तो झांकत नाहीं.

इतिहासहि हेंच सांगतो. कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं 'प्रिसिजन बेस' बाजारांत आणली, तेव्हां तिचें धड अ‍ॅश लांकडाचें होतें. पुढें थोड्याच वर्षांत त्यांनीं बहुतेक गिटारींसाठीं आल्डर वापरलें. डॅनइलेक्ट्रो या अमेरिकन कारखान्यानें १९५८ सालीं दाबलेल्या भुशाच्या पातळ तक्त्यांची स्वस्त व हलकी बेस काढली. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनीं तर लांकूड सोडून कार्बन-तंतूंचीच बेस घडविली. या सर्व वाद्यांवर कसलेल्या वादकांनीं नांव मिळविलें आहे.

आतां दुकानांतील नांवें. अ‍ॅश हल्लीं महाग आहे, त्याचें एक कारण असें कीं, २००२ सालीं अमेरिकेंत आढळलेल्या एका हिरव्या किड्यानें तेथील कोट्यवधि झाडें मारलीं. म्हणजे त्याची किंमत दुर्मिळतेची आहे, केवळ स्वराची नव्हे. स्वस्त गिटारींत पॉप्लर व बासवूड हीं लांकडें पुष्कळ आढळतात. बासवूडचा घनमीटर सुमारें ४१५ किलो भरतो, तर टणक अ‍ॅशचा सुमारें ६७५. बासवूड हलकें व मऊ असल्यानें त्यावर खोंचा लवकर पडतो, हा त्याचा खरा दोष. त्यामुळें स्वर हलका पडतो असें मात्र नाहीं. बोटांखालच्या पट्टीचीहि तीच कथा. २०१७ सालीं शिसवाच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचें बंधन आलें. बहुतेक तयार वाद्यांपुरतें तें २०१९ सालीं उठलें. दरम्यान कित्येक स्वस्त गिटारींवर 'इंडियन लॉरेल'ची पट्टी आली. हें लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रींतला ऐन! ज्याचे वासे आपल्या घरांवर पिढ्यान्‌पिढ्या टिकले, त्याला विलायती नांवाखालीं कमी लेखण्याचें कारण काय?

राहिला भार. बेस गिटार बहुधा साडेतीन ते साडेचार किलोंची असते, आणि ती तास-तासभर एकाच खांद्यावर राहते. बारा-तेरा वर्षांच्या मुलास एक किलो अधिक दिला तर तो स्वरांत दिसत नाहीं, पाठींत दिसतो. संस्कृतांत 'गुरु' म्हणजे जड व गुरु म्हणजे शिक्षकहि. पण वाद्याच्या जडपणानें शिक्षण होत नाहीं. उलट, हलकेपणाचाहि हव्यास नको. धड फार हलकें असलें तर मान खालीं झुकते व डाव्या हातास ती उचलून धरावी लागते. मग बोटें मोकळीं कशीं चालणार? तोल हा भाराहून मोठा.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी. गिटार घेतांना मुलाला बरोबर न्या. ती पट्ट्यानें त्याच्या खांद्यावर वीस मिनिटें राहूं द्या. मान डोळ्यासमोर धरून ती पिळलेली नाहीं ना, हें पाहा. प्रत्येक तारेवरील प्रत्येक पडदा वाजवून कोठें खरखर होते कीं काय, तें ऐका. खुंट्या पिळून स्वर टिकतो कीं नाहीं, याची खात्री करा. हात लहान असल्यास चौतीस इंचांऐवजीं तीस इंचांच्या तारेची गिटार मागा. लांकडाच्या नांवापायीं वाढणारे पैसे वाचवून त्यांतून नव्या तारा, जाणत्या कारागिराकडून जुळवणी आणि कांहीं महिन्यांची शिकवणी यांची सोय करा.

आणि विद्यार्थिमित्रहो, बापाच्या कमाईंतून जें वाद्य घरीं येईल, त्याची लाज बाळगूं नका. वृंदांत खर्ज मागें उभा असतो; श्रोते त्याच्याकडे पाहत नाहींत, पण तो चुकला कीं सर्वांचेंच गाणें डळमळतें. तो न चुकण्यास रोजचा रियाज लागतो, आणि तो कोणत्याच लांकडाबरोबर विकत मिळत नाहीं.