संपादकीय : ढोल लावण्याची विद्या वाटूया

नाशिक ढोलाचं नाव महाराष्ट्राबाहेर गेलं, पण तो लावायचा कसा हे ज्ञान अजून पथकापथकांत अडून आहे. भाद्रपदातल्या दमट हवेत चामड्याचं पान सैल पडतं. मिरवणुकीआधी दोर ताणले नाहीत तर टिपरूचा टोला बोदा उमटतो आणि वादक ती उणीव मनगटाच्या जोरावर भरून काढतो. फायबरच्या पानाला ओल बाधत नाही, पण त्याचा नाद कोरडा. जाणत्यांनी हे नवख्यांना मोकळेपणी सांगायला हवं.

‘मग आमचं वेगळेपण काय उरलं?’ असा आक्षेप येईल. पथकाची ओळख ताल बसवण्यात असते. नीट लावलेला ढोल ही सगळ्यांचीच गरज आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. अशा वेळी दणक्यापेक्षा घुमाऱ्याची कदर वाढवणं पथकांच्याच हिताचं आहे.