तुरुंगाच्या दाराबाहेरचा पंधरवडा

तुरुंग सुधारणेचा विषय राजधानीत निघाला की चर्चा कोठड्यांतील गर्दी, कच्च्या कैद्यांची संख्या आणि जामिनाच्या अटी यांपलीकडे सहसा जात नाही. आकडेच तसे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैदी होते आणि त्यांतील सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. ही गर्दी कमी करण्यासाठी केंद्राने पावले उचलली, हे मान्य करावे लागेल. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब कैद्यांसाठी २०२३ मध्ये अर्थसाह्य योजना आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ने, काही अपवाद वगळता, प्रथमच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटकेची वाट मोकळी केली. जुन्या खटल्यांनाही ती लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केले.

दार उघडण्याची व्यवस्था अशी आकार घेत आहे. दाराबाहेर पडलेल्या माणसाच्या प्रकृतीचे काय, हा प्रश्न मात्र कोणत्याही मंत्रालयाच्या टेबलावर नाही.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटका झालेल्या ३० हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका सामान्य नागरिकांच्या सुमारे तेरा पट असल्याचे त्यात आढळले. तेथील मुख्य कारण अमली पदार्थांचे अतिसेवन हे होते. भारतातील परिस्थिती वेगळी आहे. येथे त्याबरोबरच क्षयरोग, एचआयव्ही आणि मानसिक आजार यांचाही विचार करावा लागतो. या साऱ्यांत उपचार खंडित होणे हाच मोठा धोका. क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सुटल्या की औषधांना न जुमानणारा क्षय बळावण्याची भीती असते आणि त्याचा संसर्ग घरादाराला होऊ शकतो.

उपचार खंडित का होतात, याचे उत्तर सुटकेच्या पद्धतीत आहे. शिक्षा भोगणाऱ्याच्या सुटकेची तारीख आधी ठाऊक असते. कच्च्या कैद्याची नसते. न्यायालयाचा आदेश संध्याकाळी पोचतो, कागद तपासले जातात आणि माणूस बाहेर पडतो. तुरुंगाच्या डॉक्टरांना ते कळेलच असे नाही. हा माणूस दिल्लीत मजुरीसाठी आलेला असेल, तर तो बिहारच्या किंवा बुंदेलखंडच्या गाडीत बसतो. ‘निक्षय’ या संगणकीय नोंदवहीत त्याचे नाव दुसऱ्या जिल्ह्याकडे वर्ग करता येते. त्या नावामागचा माणूस शोधायला कोणीतरी पायपीट करावी लागते.

ही पायपीट कोणी करावी, याचे एक उत्तर सॅन फ्रान्सिस्कोत सापडले. तेथे २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रान्झिशन्स क्लिनिक’ने स्वतः तुरुंगवास भोगलेल्या व्यक्तींनाच आरोग्य कार्यकर्ते म्हणून नेमले. सुटलेल्या माणसाला दवाखान्यापर्यंत नेणे, औषधे, निवारा, कागदपत्रे मिळवून देणे हे त्यांचे काम. डॉक्टरवर नसलेला विश्वास या सोबत्यावर बसतो, हे त्या प्रयोगाचे बळ. पुढे अमेरिकेच्या अन्य शहरांतही तशी केंद्रे उभी राहिली.

भारताला ही कल्पना परकी वाटू नये. २००५ पासून उभ्या राहिलेल्या सुमारे दहा लाख ‘आशा’ स्वयंसेविकांचे जाळे गावोगाव आहे. पण त्यांच्यावर कामाचा बोजा मोठा आणि मोबदला तुटपुंजा. शिवाय खटला अंगावर घेऊन परतलेल्या पुरुषाच्या दारी एकटीने जाण्याचा भार तिच्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. यापेक्षा जवळचा दाखला राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा आहे. तेथे व्यसनाधीन व्यक्तींपर्यंत पोचण्यासाठी त्याच समूहातील माणसे मानधनावर घेतली जातात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्पही १९९० पासून कैद्यांच्या आणि सुटलेल्यांच्या पुनर्वसनासाठी झटत आहे. अनुभव आहे, त्याला शासकीय आधार हवा.

अडचण घटनात्मक वाटणीत आहे. तुरुंग आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही राज्यांचे विषय. तुरुंग गृहखात्याकडे, औषधे आरोग्य खात्याकडे आणि सुटलेला माणूस अनेकदा तिसऱ्याच राज्यात. मुल्ला समितीने १९८३ च्या अहवालात सुटकेनंतरच्या देखभालीचा विचार मांडला, २०१६ च्या आदर्श तुरुंग नियमावलीतही तो आहे. मात्र खर्चाची जबाबदारी निश्चित नसेल तर असा विचार कागदावरच राहतो. राज्यांच्या सीमा ओलांडणारी साखळी केंद्रच जोडू शकते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून मोठ्या मध्यवर्ती तुरुंगांशी मानधनी सोबती जोडणे, जामिनाच्या आदेशाबरोबरच तुरुंगाच्या दवाखान्याला सूचना देणे आणि महिन्याभराची औषधे हाती ठेवणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

राजकीय इच्छाशक्ती हा यातील नाजूक भाग. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५)नुसार तुरुंगात असलेल्याला मतदान करता येत नाही. बाहेर आल्यावर तो मतदार होतो, पण त्याची मतपेढी होत नाही. त्याच्यासाठी खर्च केल्याचे श्रेय सांगायला कोणताही पक्ष धजावत नाही. परंतु अर्धवट उपचारांचा क्षय कोणाचा गुन्हा कोणता, हे विचारत नाही. सुटलेल्या कैद्याच्या प्रकृतीची काळजी ही दया समजून टाळली, तर तिची किंमत त्याच्या शेजारच्या झोपडीतील मूल मोजेल.