लग्नाचे फोटो आणि भिडेचा व्यवहार

तुळशीची लग्ने लागली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील घराघरांतून कार्याची बोलणी सुरू होतात. हा भाग बव्हंशी एका पावसाळी भातपिकावर विसंबून आहे. खळे उरकून धान्य घरात आल्यावाचून कार्याचा विचार होत नाही, आणि म्हणून बहुतेक लग्ने उन्हाळ्याच्या अल्याडपल्याडच्या चार-पाच महिन्यांत दाटीवाटीने उरकली जातात. या बोलण्यांत आचारी कोण, मांडव कोणाचा, वाजंत्री कोठली, मानपान कसा, यांवर रात्र रात्र खल होतो. तांदूळ तळहातावर घेऊन पारखला जातो. लुगड्याचा पोत बोटांनी चाचपून पाहिला जातो. फोटोग्राफरचा विषय मात्र एका वाक्यात संपतो : ‘तो आपला ओळखीचा मुलगा आहे, त्यालाच सांगू.’ ज्याचे काम मांडव उतरल्यावरही पन्नास वर्षे घरात राहावयाचे, त्याचीच निवड सर्वांत कमी विचाराने व्हावी, ही विसंगती वाटते तितकी क्षुल्लक नाही.

देशापुढे मोठमोठे प्रश्न असताना लग्नाच्या फोटोंची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु सामान्य कुटुंबाच्या हातून आयुष्यात जे मोजके मोठे व्यवहार होतात त्यांपैकी लग्न हा एक आहे, आणि व्यवहाराचे शहाणपण अशाच ठिकाणी कसाला लागते. अर्थशास्त्रात या प्रकारच्या खरेदीचा विचार फार पूर्वी झालेला आहे. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वस्तूंचे दोन प्रकार दाखवून दिले. काही वस्तूंची प्रत विकत घेण्यापूर्वीच तपासता येते; काहींची प्रत वापरल्यानंतरच कळते. लग्नाचे फोटो या दुसऱ्या प्रकारात येतात. पण एवढ्यावरच भागत नाही. आंबा आंबट निघाला तर पुढच्या खेपेला दुसऱ्या विक्रेत्याकडे जाता येते. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर झाला तो क्षण हुकला, तर तो पुन्हा घडवून आणता येत नाही. पैसे आधी, माल नंतर, आणि माल बिघडला तर बदलून मिळण्याची सोय नाही, असा हा सौदा आहे.

त्याच वर्षी जॉर्ज अकर्लॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. मालाची खरी प्रत विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात, अशी स्थिती असली म्हणजे गिऱ्हाईक सर्वांनाच सरासरी भाव देऊ करते. मग चांगला माल विकणाऱ्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे निकृष्ट तेवढे उरते. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या तालुक्यांत हेच घडण्याचा धोका आहे. गिऱ्हाईक केवळ ‘किती घेणार?’ एवढेच विचारीत असेल, तर मेहनतीने काम शिकलेला स्थानिक तरुण आणि काल कॅमेरा घेऊन आज दुकान मांडलेला मनुष्य यांच्यात त्याला फरक करता येत नाही. चांगल्या कारागिराला टिकवून धरण्याचा उपाय गिऱ्हाइकाच्या हाती आहे, आणि तो उपाय म्हणजे नेमके प्रश्न विचारणे.

रोलच्या जमान्यात या प्रश्नांची निकड कमी होती. पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस फोटो निघत. त्याहून जुन्या चौकोनी फोटोंच्या रोलवर बारा. उदकमंडलम येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ रोल ज्यांनी वापरला आहे त्यांना आठवेल, की त्या काळी ‘दोन रोल’ म्हटले की सौदा दोन्ही बाजूंना समजत असे. रोल हेच माप होते आणि तोच करार होता. डिजिटल कॅमेऱ्याने हे माप नाहीसे केले. आता फोटो हजारोंनी निघतात, परंतु त्यांपैकी किती मिळणार, कोणत्या रूपात मिळणार, केव्हा मिळणार, यांपैकी काहीच ‘लग्नाचे फोटो’ या दोन शब्दांत सामावत नाही. माप गेले, पण तोंडी बोलून मोकळे होण्याची जुनी सवय मात्र राहिली. आजच्या बहुतेक कुरबुरींचे मूळ येथे आहे.

तेव्हा फोटोग्राफरला घरी बोलवावे, किंवा त्याच्या स्टुडिओत जाऊन निवांत बसावे, आणि पुढील गोष्टी विचाराव्यात. पहिली गोष्ट, निवडक फोटोंवर भुलू नये. शंभर लग्नांतून वेचलेले वीस फोटो कोणाचेही चांगलेच दिसणार. ‘एका लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो दाखवा,’ असे सांगावे; आणि ते लग्न शहरातील वातानुकूलित सभागृहातले नसून डोळखांब, किन्हवली, सरळगाव किंवा टोकावडे येथील एखाद्या दारातल्या मांडवातले असावे. मे महिन्यातील भर दुपारी मांडवाच्या रंगीत कापडातून झिरपणारा उजेड चेहऱ्यांवर कसा पडतो, आणि रात्रीच्या हळदीत वीज गेली तर काय करावयाचे, हे ज्याला ठाऊक आहे त्याचे काम पाहिल्यावर लगेच कळते.

दुसरी गोष्ट, प्रत्यक्ष येणार कोण? मुहूर्त थोडे आणि लग्ने फार असल्यामुळे दाट तिथीला एकाच फोटोग्राफरकडे दोन-तीन कामे असतात. बोलणी एकाशी होतात आणि मांडवात भलताच मुलगा उभा राहतो. ज्याचे काम पाहून पसंती दिली तोच येईल काय, आणि तो आजारी पडला तर कोण येईल, हे आधीच स्पष्ट व्हावे. तिसरी गोष्ट, आपल्या घरची रीत त्याला माहीत आहे काय? आगरी-कुणबी घरांतील हळदीत धवले गाणारी धवलारीण, देवकाचा विधी, मामाचा मान, किंवा बौद्ध पद्धतीच्या विवाहातील वंदना, यांचा क्रम ठाऊक नसलेला मनुष्य नेमक्या वेळी जेवायला बसलेला असतो. नुसत्या वधूवरांचेच नव्हे, तर घरातील कोणाकोणाचे फोटो हवेतच याची दहा-बारा नावांची यादी त्याच्या हाती द्यावी. अनेक घरांत आजीचा एकमेव बरा फोटो नातवाच्या लग्नातला असतो, आणि पुढे तोच भिंतीवर लागतो.

चौथी गोष्ट जपणुकीची. फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतात काय, त्याच रात्री त्यांची दुसरी प्रत काढली जाते काय, आणि मूळ फोटो तो किती महिने सांभाळतो? पाचवी गोष्ट मुदतीची. महाराष्ट्रातील १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत नोंदणीसाठी ज्ञापन द्यावे लागते, आणि लग्नपत्रिकेबरोबर विधीचा फोटो जोडण्याची रीत आहे. अल्बम सहा महिन्यांनी आला तरी चालेल. विधीचे चार-पाच फोटो आठवड्याभरात मिळावेत, हे ठरवून घ्यावे.

सहावी गोष्ट हक्काची, आणि ती फारच थोड्यांना माहीत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून व मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा अथवा चित्रफितीचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, पैसे देऊन काम सांगणाऱ्याकडे असतो. म्हणजे लेकीचे फोटो आपल्या दुकानाच्या जाहिरातीसाठी समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी फोटोग्राफरने विचारले पाहिजे; आणि नको असल्यास ‘नको’ म्हणण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे नवरीचा सावळा रंग यंत्रावर उजळून तिला परकी करून टाकू नका, हेही तिच्या समक्ष सांगावे. किंबहुना या बोलण्यांत वधूला बसवलेच पाहिजे. जिचा चेहरा, तिचे मत अखेरीस विचारावयाचे, ही रीत आता तरी सुटावी. ड्रोन वापरणार असल्यास २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार त्याची नोंदणी आहे काय, एवढे विचारणे पुरे.

हे सर्व प्रश्न ऐकून पुष्कळांना अवघडल्यासारखे होईल. आपल्याकडे व्यवहार ओळखीवर चालतो, आणि ओळखीच्या माणसाला कागद मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, अशी समजूत आहे. वस्तुतः ओळखीमुळे मनुष्य मिळतो, अटी मिळत नाहीत. उलट मेव्हण्याच्या मित्राने काम बिघडवले, तर त्याला बोलताही येत नाही आणि गप्पही बसवत नाही. पैशाबरोबर नातेही दुखावते. एका साध्या कागदावर तारीख, वेळ, येणाऱ्याचे नाव, फोटोंचे व अल्बमच्या पानांचे प्रमाण, मिळण्याची मुदत, एकूण रक्कम, दिलेला विसार आणि काम रद्द झाल्यास विसाराचे काय, एवढे लिहून दोघांनी सही केली, तर त्यात कोणाचाच अपमान नाही. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव २०१६ च्या डिसेंबरात राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून गाजले. पैसे मोबाइलवरून पाठवणे आता खेडोपाडी कोणाला अवघड वाटत नाही, आणि अशा देण्याची नोंद आपोआप राहते. मात्र पैसे दिल्याची नोंद म्हणजे कशासाठी दिले याची नोंद नव्हे.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा आला आणि त्याची जागा पुढे २०१९ च्या कायद्याने घेतली. त्यानुसार सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. तथापि आयोगापुढे बोलतो तो कागद. आणि कागद मुळात हवा तो भांडण जिंकण्यासाठी नव्हे. भांडण होऊ नये म्हणूनच तो हवा.

या व्यवहाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आसनगाव-कसाऱ्याकडील किंवा मुरबाडच्या बाजारपेठेतील स्टुडिओ चालवणारे तरुण बहुधा हप्त्यांवर कॅमेरा घेतलेले असतात. हळदीच्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या पाठवणीपर्यंत त्यांना उभे ठेवावयाचे, ताटाची चौकशी करावयाची नाही, आणि अल्बम हाती आल्यावर उरलेल्या पैशांसाठी वर्षभर हेलपाटे घालायला लावावयाचे, हा अन्याय प्रतिष्ठित घरांतूनही होतो. लिहिलेला कागद त्यांचेही रक्षण करतो. जो गिऱ्हाइकाला नेमके विचारू देतो आणि स्वतःही नेमके विचारतो, तोच फोटोग्राफर भरवशाचा समजावा.

शेवटचा मुद्दा खर्चाचा. लग्नाच्या खर्चाविषयी बोलताना ठाणे जिल्ह्याला आपला इतिहास विसरता येत नाही. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी सावकार-जमीनदाराकडे जन्मभर राबणाऱ्या आदिवासीला येथे ‘लग्नगडी’ म्हणत. आपल्या शेजारच्या टिटवाळ्यास जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली. त्याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध लढा दिला. वेठबिगारीविरुद्धचा देशव्यापी कायदा १९७६ साली झाला. आज फोटोंच्या खर्चाने कोणी वेठीला जात नाही, हे खरे. परंतु शेजाऱ्याने लग्नाआधीचे चित्रीकरण केले म्हणून आपणही करावयाचे, त्याचा ड्रोन उडाला म्हणून आपलाही उडवावयाचा, ही चढाओढ कर्जाच्या त्याच जुन्या वाटेवर नेते. म्हणून आधी रक्कम ठरवावी आणि मग ‘एवढ्यात काय नीट होईल?’ असे विचारावे. हळद, विधी आणि वडीलधाऱ्यांसह घरच्यांचे फोटो एवढे उत्तम झाले, तर बाकीच्या गोष्टी नसल्या तरी पुढच्या पिढीला त्यांची उणीव भासणार नाही.

गावात अर्ज लिहून द्यायला, कागद वाचून दाखवायला लोक शिक्षकांकडे, कारकुनांकडे आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांकडे येतात. यंदाच्या हंगामात आपल्या घरी अथवा भावकीत कार्य निघाले, तर या मंडळींनी पत्रिकेचा मजकूर लिहिण्याबरोबरच हा एक कागदही लिहून द्यावा. त्यासाठी खर्च पडतो तो पंधरा मिनिटांचा आणि थोड्या भिडेचा. पंधरा मिनिटे कोणालाही सवडीने मिळतात. भीड मात्र निश्चयानेच सोडावी लागते.